लीड्सचं बटण, अमळनेरची भाकरी

गेल्या आठवड्यात पारोळ्याहून माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची व्हॉइस नोट आली. तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं. बोलणं आता बरंच सुधारलंय, पण वहीत रोज लाल शाईचा शेरा येतो: 'आळशी आहे. लिखाण अपूर्ण.' घरी सासूबाई म्हणतात, एवढा मोठा झाला, चड्डीचं बटण लावत नाही, सगळं आयतं लागतं. शेवटी ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "तुझाही तसाच आहे ना गं? तू तिकडे काय करतेस ते सांग ना."

तिला फोनवर थोडं सांगितलं, पण सांगण्यासारखं खूप उरलं. धुळे-जळगावकडे तिच्यासारख्या आणखी आया असतील, म्हणून ते इथे लिहिते.

आम्हाला इंग्लंडमध्ये, लीड्सला येऊन नऊ वर्षं झाली. लेक इथेच जन्मला, आता आठ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याचं निदान झालं. त्या जाडजूड अहवालात त्याचं बोलणं, नजर, खेळ, पंख्याकडे तासन्‌तास बघणं, सगळं होतं. हातापायांबद्दल मात्र एक ओळही नव्हती. व्हिएन्नाच्या हान्स अॅस्पर्गर यांनी १९४४ सालीच अशा मुलांच्या हालचालींतला अवघडलेपणा लिहून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं. आजही ऑटिझमच्या निदानाच्या मुख्य निकषांत हालचालींचा समन्वय येत नाही. म्हणून डॉक्टरांनी आपण होऊन विचारलं नाही, तर हा विषय निघतच नाही. आपण बोलण्याच्या मागे लागतो आणि हात तसेच राहून जातात.

लेकाच्या शाळेत पीटीच्या दिवशी मुलांना वर्गातच कपडे बदलावे लागायचे. लेक पाच वर्षांचा असताना बाकीची मुलं रांगेत उभी राहायची आणि हा एका बाहीत हात अडकवून बसलेला असायचा. एका सकाळी शाळेला उशीर होत होता आणि शर्टाचं वरचं बटण काही केल्या लागेना. मी त्याच्यावर ओरडले. पारोळ्याच्या सासूबाई जे बोलतात, तेच सगळं बोलले. त्यानं हात खाली सोडले आणि म्हणाला, "माय हँड्स आर नॉट लिसनिंग." हात ऐकत नाहीत. तोवर त्याचं बोलणं दोन-तीन शब्दांचंच असायचं. एवढं मोठं वाक्य त्यानं जुळवलं, ते मला हे सांगायला. त्या दिवशी शाळेला उशीर झाला तो झालाच.

नंतर बरेच महिने थांबल्यावर एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञ, भेटल्या. यांना आपल्याकडे व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात, पण सगळ्यांच्या तोंडी 'ओटी'च आहे. त्यांनी त्याची 'मूव्हमेंट एबीसी' नावाची चाचणी घेतली. डब्याच्या फटीतून नाणी टाकायची, मणी ओवायचे, वळणावळणाच्या वाटेवरून पेन्सिल फिरवायची, छोटी पिशवी झेलायची, एका पायावर तोल सांभाळायचा. बाहेरून सगळा खेळच वाटतो. पण लेकाच्या कपाळावर घाम आला होता. तो मन लावून करत होता आणि तरी होत नव्हतं. आळशी मुलाला घाम येत नाही, हे मी त्या खोलीत पाहिलं.

ओटींनी मला एक गोष्ट समजावली. अंधारातसुद्धा माठावरचा लोटा आपल्या हाताला बरोबर लागतो. आपला हात कुठे आहे, किती वळलाय, किती जोर लावतोय, ही खबर स्नायू आणि सांधे मेंदूला सतत देत असतात. काही मुलांना ही खबर अंधुक मिळते. मग पेन्सिल एक तर इतकी दाबली जाते की कागद फाटतो, नाहीतर इतकी हलकी धरली जाते की अक्षर उमटत नाही. काहींचे सांधे जास्तच सैल असतात, अंग लवकर थकतं, म्हणून ती टेबलावर रेलून बसतात. काहींना नवीन हालचालीची जुळणी जमत नाही, म्हणजे आधी काय आणि मग काय हे मेंदूत लागत नाही. माझ्या लेकाला यातलं पहिलं आणि तिसरं आहे. कधी ही अडचण इतकी ठळक असते की तिचं वेगळं निदान करतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार पूर्वी ऑटिझम असलेल्या मुलाला ते देता येत नसे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही आडकाठी निघाली.

मग त्यांनी मला माझ्याच स्वेटरचं बटण अगदी सावकाश लावायला सांगितलं, आणि पायऱ्या मोजायला. डाव्या हातानं काजाची कड धरायची. उजव्या चिमटीत बटण घ्यायचं. ते आडवं करायचं. काजात ढकलायचं. पलीकडे निम्मं दिसलं की डाव्या हातानं धरायचं. उजव्या हातानं सोडायचं. ओढायचं. सात पायऱ्या झाल्या. त्यात दोन हात एकाच वेळी वेगवेगळी कामं करतात. एवढं सगळं मी त्या पोराकडून घाईच्या वेळी, त्याला नीट न दिसणाऱ्या गळ्यापाशी मागत होते.

त्यांनी सांगितलेली युक्ती अशी. शिकवायला शेवटून सुरुवात करायची. सहा पायऱ्या मी करायच्या, बटण काजातून निम्मं बाहेर आणून ठेवायचं, त्यानं फक्त ओढायचं. म्हणजे बटण लागलं की ते त्यानंच लावलेलं असतं. ते पक्कं झालं की त्याच्याकडे शेवटच्या दोन पायऱ्या द्यायच्या, मग तीन. रोज पाच मिनिटं, संध्याकाळी, शाळेच्या घाईत नाही. शर्ट अंगात न घालता मांडीवर ठेवायचा, आणि सुरुवातीला मोठ्या बटणांचा. आम्हाला शेवटची पायरी चार दिवसांत आली. सगळं बटण यायला सहा आठवडे लागले. मधले दहा दिवस काहीच पुढे सरकलं नाही, आणि त्या दहा दिवसांत मी बोलायचं नाही हे मला सगळ्यात जड गेलं.

लिहिण्याचंही सांगते, कारण शेरे वहीवरच येतात. आधी बसणं बघा. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या. जमिनीवर मांडी घालून, वही मांडीत घेऊन लिहिणं अशा मुलाला फार कठीण जातं. त्याला समोर चौरंग द्या. वहीखाली जाड फाइल तिरकी ठेवली तर मनगट आपोआप वर वळतं. आम्ही ऑफिसची जुनी फाइल वापरतो. लांब पेन्सिलीऐवजी खडूचा किंवा क्रेयॉनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरता येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. आणि पान भरण्याचा हट्ट सोडा. दोन ओळी नीट झाल्या की वही मिटायची.

एक चूक कबूल करते. पहिल्या वर्षी मी वजनदार पांघरुणावर बरेच पैसे घातले. इंग्लंडमध्येच अशा पांघरुणांची चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. मुलांना आणि आईवडिलांना पांघरूण आवडलं, पण झोप वाढली नाही. माझ्या लेकालाही ते आवडतं, म्हणून ठेवलंय. पण महागड्या वस्तूंनी हात शिकत नाहीत. जे यायला हवं तेच, लहान तुकडे करून, रोज करावं लागतं. बटण यायचं तर बटणच लावायचं.

आता अमळनेरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही पाच आठवडे माहेरी होतो. गाव अमळनेरपासून जवळच. मी लीड्सहून रंगीत चिकणमाती, चिमटे, मणी अशी अर्धी बॅग भरून नेली होती. ती बॅग मी तिथे एकदाही उघडली नाही. शेतातून मुगाच्या शेंगा आल्या होत्या. आई ओट्यावर सुपात घेऊन सोलत बसायची आणि लेक तिच्या शेजारी. शेंग चिमटीत धरून शिवणीवर दाबायची, अंगठ्यानं उकलायची, दाणे ढकलायचे. पहिल्या दिवशी तीन शेंगा झाल्या. आईनं कौतुक केलं नाही, टोकलंही नाही, फक्त चौथी शेंग त्याच्या पुढ्यात सरकवली. कानबाई या आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी गव्हाच्या कोठीत त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. घरात पाहुण्यांची गर्दी होती, पण तो तिथे शांत होता. विसर्जनाच्या मिरवणुकीला मात्र मी त्याच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घातले आणि दुरूनच दाखवलं.

खरी कसोटी भाकरीची होती. लीड्सला आम्ही त्याला काटा-चमच्यानं खायला शिकवत होतो, तेही अर्धवटच. आणि इथे पुढ्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. एका हातानं भाकरी तोडणं म्हणजे काय, हे तुम्ही कधी नीट बघितलंय का? करंगळीकडची बोटं भाकरी दाबून धरतात आणि त्याच हाताचा अंगठा नि दोन बोटं तुकडा मोडतात. एकाच तळव्यात दोन वेगळी कामं. त्याला ते जमेना, पूर्ण भाकरी उचलली जायची. मी म्हटलं, दोन्ही हातांनी तोड. आबांना, माझ्या वडिलांना, ते पटलं नाही, डावा हात ताटाला लावू नये म्हणाले. आईनं मान वर न करताच सांगितलं, "पोऱ्याले जेवू द्या आधी." मग तिनं भाकरी कोमट असतानाच वाटीत घेतली, वर फौजदारी डाळ ओतली आणि त्याला दोन्ही हातांनी चुरायला लावली. चिकट लागलं की तो हात झटकायचा. आईनं शेजारी कोरड्या पिठाची ताटली ठेवली. हात पिठात घोळवायचा, पुन्हा चुरायचं. "हयूहयू कर रे मना राजा, घाई नई शे," एवढंच ती म्हणत राहिली. लीड्सच्या ओटींनी सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे हातांना जोराचं काम, नकोशा स्पर्शाची थोडी थोडी सवय, पायरीपायरीनं, माझी आई कोणत्याही पुस्तकाविना करत होती. तिसऱ्या आठवड्यात तिनं त्याला चुरायला लावणं थांबवलं आणि भाकरीची कड आधीच थोडी मोडून दिली. उरलेलं त्यानं एका हातानं तोडलं. शेवटून सुरुवात.

निंबावर आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका तसाच बांधलेला होता. झोक्यावर तो खुलायचा. झोका, बोरी नदीच्या वाळूत अनवाणी चालणं, गुरांपुढे चाऱ्याची पेंढी ओढून नेणं, यानं अंगात जोर येतो, मन जाग्यावर येतं. पण झोक्यानं बटण येत नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण कुठल्याही एका गोष्टीनं सगळं सुधारेल असं सांगणारे लोक दोन्ही देशांत भेटले.

सायकलीचं तेवढं सांगते. भावानं माझ्या भाच्याच्या जुन्या छोट्या सायकलीचे दोन्ही पायडल काढले आणि सीट खाली घेतली, पाय जमिनीला टेकतील अशी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यात त्याचा अर्धा तास गेला. मग गल्लीत नुसतं पायानं ढकलत जायचं. पायडल आणि तोल एकदम शिकायला नको, आधी तोल. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही पाय उचलून तो चार घरांपर्यंत गेला. पायडल आम्ही लीड्सला लावले, पुढच्या उन्हाळ्यात.

तर माझ्या बाई, तुझ्यासाठी. आधी बालरोगतज्ज्ञांना हातापायांबद्दल स्वतःहून सांग, ते विचारतील म्हणून थांबू नकोस. एकच बाजू कमजोर वाटत असेल, किंवा येत असलेली गोष्ट जायला लागली असेल, तर अजिबात उशीर करू नकोस. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना तपासायला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यांना सांगितलं की ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून घे. त्यावर निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो. आणि त्याच्या वर्गाच्या बाईंना भेटायला जाशील तेव्हा भांडू नकोस. त्याचा लिहितानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखव. त्याचे खांदे, त्याचा घाम त्यांना दिसू दे.

तू विचारशील, सासूबाईंना मी काय सांगू? त्यांना शेंगा सोलायला त्याच्या शेजारी बसव.

फोनवर मी तिला दप्तराच्या चेनपासून सुरुवात कर म्हटलं होतं. काल रात्री तिचा व्हिडिओ आला. चेन तीन बोटं उघडी ठेवलेली आहे. तो ओढतो, ती अडकते, तो दप्तर ढकलून देतो. कॅमेरा हलत नाही, कुणी बोलत नाही. तो दप्तर पुन्हा जवळ घेतो. दुसऱ्यांदा बोटं निसटतात. तिसऱ्यांदा चेन टोकाला जाते, आणि तो ती लगेच उघडून परत लावायला घेतो. मी तिला लिहिलं, चेनच्या टोकाला नाडीचा तुकडा बांध, बोटांना धरायला काहीतरी मिळेल.