पांढरी बाटली

नोकरीला लागल्यावर पहिले तीन महिने पावसात गेले, म्हणजे प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात. माझी पहिली फेरी उजाडली ती सप्टेंबरच्या शेवटी. पहाटे गोव्यातल्या मालीमच्या धक्क्यावरून भाड्याचा ट्रॉलर सुटला आणि मांडवीचं मुख ओलांडेपर्यंतच मला बोट लागली. मालवणच्या मुलीला बोट लागते म्हणून बोट हाकणारा तांडेल आणि खलाशी मनसोक्त हसले.

कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर आमचं ठिकाण. खूण काही नाही, जीपीएसवरचे दोन आकडे फक्त. खोली सुमारे २७ मीटर. १९९७ पासून गोव्यातले समुद्रशास्त्रज्ञ इथलं पाणी पुन्हा पुन्हा तपासत आलेत.

दोन्ही टोकांना उघडी असलेली नळकांडी दोरावरून खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर पोचली की वरून वजन सोडायचं. ते आपटलं की झाकणं फटकन मिटतात. पाणी वर आलं की बुडबुडा न होऊ देता ते काचेच्या बाटलीत भरायचं आणि लगेच दोन रसायनं घालायची. ही विंकलरची पद्धत १८८८ सालची, पण अजून तिच्यावरच भरवसा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. जितका जास्त, तितका गडद.

वरच्या थराची बाटली चहासारखी झाली. मधली फिकट. तळाचं नळकांडं हाताला गार लागलं, आणि त्यातल्या पाण्याचा साका पडला तो पांढराशुभ्र.

मी हादरले. एक रसायन घालायचंच राहिलं, अशी माझी खात्री. सोबत आलेल्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना काही न सांगता दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. मग नळकांड्याच्या तोटीशी नाक नेलं. सडलेल्या अंड्याचा वास.

"मॅडम, तळाला ऑक्सिजनच नाही."

मॅडमआधी तांडेल बोलला, "गो बाय, ता तुका आज कळला? आठ दिस झाले, तळाची जाळी मोकळीच येतत."

परतताना मॅडमनी नीट समजावलं. पावसाळ्यातल्या वाऱ्यांमुळे खोलवरचं गार, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. वरून मेलेलं शेवाळ पडत राहतं. ते कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेटवर येतात, तेही संपलं की सल्फेटवर. वास तिथला. नायट्रेटच्या टप्प्यात नायट्रस ऑक्साइड तयार होतो, कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट उष्णता धरणारा वायू. इथल्या समुद्रातून तो किती निघतो, हे सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली जगापुढे मांडलं.

"पण हे दरवर्षीचंच ना?" मी विचारलं.

"दरवर्षीचंच. म्हणून तर अवघड." गोम इथेच होती. ही घटना मुळात निसर्गाची. ती वाढतेय का, वाढत असेल तर शेतातून वाहून येणाऱ्या खतांनी की तापत्या समुद्राने, हे एका पांढऱ्या बाटलीवरून ठरत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि वरचा थर तापला की झाकण आणखी घट्ट बसतं, हे खरं. जगभरच्या महासागरांनी १९६० पासून सुमारे दोन टक्के ऑक्सिजन गमावला, असा २०१७ चा हिशेब आहे. पण कांदोळीचा हिशेब कांदोळीतच करावा लागतो, आणि त्याला वर्षानुवर्षांच्या बाटल्या लागतात. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हे उत्तर फार मिळमिळीत वाटलं.

संध्याकाळी प्रयोगशाळेत बाटलीत आम्ल घातलं. साका विरला, पाणी नितळ. स्टार्चचे थेंब टाकले. ऑक्सिजन असता तर निळा रंग चढला असता. चढला नाही. रसायन मोजून सोडणाऱ्या ब्युरेटच्या तोटीला हात लावायची वेळच आली नाही. वहीत शून्य लिहिताना हात अडखळला, तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या, "दुसऱ्या बाटलीचंही लिही. आणि ती का भरलीस, तेही."

डिसेंबरच्या फेरीत तळाची बाटली तपकिरी झाली. मी ती उंच धरून तांडेलाला दाखवली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. उतरताना मात्र पिशवीभर ढोमे मासे हातात दिले.