होडी बाहेर काढायची होती फक्त! लेक सुपीरियर, माझा अनुभव

इथे हिवाळ्यात बंदर गोठतं, म्हणून त्याआधी होड्या बाहेर काढाव्या लागतात. आमची होडी निघाली एकदाची पाण्याबाहेर. ६ नोव्हेंबरला दुपारी. मरिनाचा, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्याचा, बोट बाहेर काढायचा फॉर्म भरला होता ३० सप्टेंबरला! मधले पाच आठवडे लिहून काढतोय कारण डोकं अजून शांत झालेलं नाही, आणि इकडे अमेरिकेत, लेक सुपीरियरच्या काठावरच्या डुलुथ-सुपीरियर ह्या जोडशहरांत कुणी मराठी माणूस जुनी बोट घ्यायच्या विचारात असेल तर त्याने पैसे द्यायच्या आधी हे वाचावं.

बोट कसली, २४ फुटी जुनी मोटरबोट, मी आणि ऑफिसातल्या मित्राने अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेली. ट्रेलर नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. ट्रेलरवाले लोक रॅम्पवर येतात, बोट ओढून घेतात आणि घरी जाऊन चहा पितात. आम्हाला मरिनाच्या लिफ्टची वाट बघावी लागते, म्हणजे तो चाकांवरचा अवाढव्य सांगाडा, जो बोटीच्या पोटाखालून दोन पट्टे घालून तिला उचलतो.

मी मूळचा मुरुडचा. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर घेतात, आठदहा माणसं जमतात, खाली ओंडके टाकतात, ढकलतात, झापांनी शाकारतात, की नारळी पौर्णिमेपर्यंत विषय संपला. बाबांना फोनवर इथलं रडगाणं सांगितलं तर म्हणाले, "अरे मग चार माणसं बोलव आणि घे की वर." बाबा, इथे चार माणसं बोलावली तर चौघांचा इन्शुरन्स मागतील!

कारण अडलं तिथेच. फॉर्म दोन पानी, लांबी, रुंदी, वजन, स्टँडवर ठेवायची की क्रेडलवर (म्हणजे बोटीच्या आकाराच्या चौकटीत), श्रिंकरॅप, म्हणजे वरून घट्ट बसणारं प्लास्टिकचं आवरण, हवं का, सगळं दहा मिनिटांत भरून झालं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ, की इन्शुरन्सचं सर्टिफिकेट जोडा आणि त्यात मरिनाचं नाव 'ॲडिशनल इन्शुअर्ड' म्हणून हवं, म्हणजे आमच्या विम्याचं संरक्षण त्यांनाही. मी आपली पॉलिसीची पीडीएफ जोडली आणि निवांत झालो. चार दिवसांनी उत्तर, पॉलिसी नको, सर्टिफिकेट हवं. एजंटला फोन केला तर तो शिकारीला गेलेला, सोमवारी येईल. सोमवारी आला, बुधवारी सर्टिफिकेट पाठवलं. मरिनाकडून परत, कारण त्यात मरिनाच्या नावापुढे एलएलसी (आपल्याकडच्या 'प्रा. लि.'सारखं) नाही. ते घातलं, तर मरिनाचा पत्ता पोस्ट बॉक्सचा आहे, रस्त्याचा हवा. तोही बदलला. मग त्यांच्या लक्षात आलं की पॉलिसी मित्राच्या नावावर आणि फॉर्म माझ्या नावावर! हे पहिल्याच दिवशी दिसत नव्हतं का? ऑफिसातली मुलगी बोलायला अतिशय गोड, दरवेळी "नो वरीज" म्हणायची, आणि तारीख मात्र फाइल पूर्ण झाल्याशिवाय देणार नाही म्हणायची. फाइल २१ ऑक्टोबरला पूर्ण झाली. तारीख मिळाली २९.

आता गंमत बघा. ज्या पॉलिसीच्या सर्टिफिकेटसाठी तीन आठवडे नाचवलं, तिच्यातच लिहिलंय की बोट ३१ ऑक्टोबरपर्यंत पाण्याबाहेर हवी, पुढे पाण्यात काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. ही ओळ मी २८ तारखेला रात्री वाचली. तुम्ही बोट घ्यायच्या आधी वाचा.

आणि २९ ला वारा सुटला. आदल्या दिवशी वेदर सर्व्हिसच्या पानावर स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी, म्हणजे लहान बोटींना इशारा होता, सकाळी गेल वॉर्निंग, म्हणजे वारा ३४ नॉटच्या (ताशी साधारण ६३ किलोमीटरच्या) वर. एवढ्या वाऱ्यात लिफ्ट चालवत नाहीत, पट्ट्यांवर टांगलेली बोट झुलायला लागते, ते मला पटतं. ३० लाही तेच, ३१ लाही तेच. एजंटला मेल केला की दहा दिवस वाढवून दे, तर जादा पैसे घेऊन पाच मिनिटांत वाढवून दिले. पाच मिनिटांत! हाच माणूस एलएलसी ही तीन अक्षरं टाकायला आठवडा लावत होता.

इथे वाऱ्याची दिशा बघायला शिका, नुसता वेग बघून उपयोग नाही. डुलुथ तळ्याच्या पश्चिम टोकाला आहे आणि तळं साडेपाचशे किलोमीटर लांब, त्यामुळे ईशान्येचा वारा आला की लाटांना फुगायला अख्खं तळं मिळतं. त्यात शरदात पाण्यात अजून थोडी ऊब असते आणि वरून थंड हवा येते, म्हणून नोव्हेंबरची वादळं इथे बदनाम आहेत. डुलुथच्या काठावर कॅनाल पार्कला लोक मोबाइल घेऊन लाटा बघायला जमतात. एरवी मीही जातो.

आमची बोट आत बंदरात, पार्क पॉइंट ह्या वाळूच्या लांब पट्ट्याच्या आडोशाला, म्हणजे मोठ्या लाटा येत नाहीत. पण पाणी वरखाली होत राहतं आणि दोर हिसके खातात. ३० च्या रात्री टॉर्च घेऊन गेलो. डॉकवर तुषार उडून बर्फाचा पातळ पापुद्रा, एक फेंडर (बोट डॉकवर आपटू नये म्हणून लावलेला फुगा) चेपून भाकरीसारखा झालेला, आणि दोर असा कडक की गाठ बोटांनी सुटेना. हातमोजे काढले तर दोन मिनिटांत बोटं गेली. शेवटी गाठ तशीच ठेवून वरून दुसरा दोर बांधला. लाइफ जॅकेट घातलं होतं, डॉकवरसुद्धा घालाच. एवढ्या गार पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, मग हातपाय चालतात जेमतेम दहा मिनिटं. शुद्ध तासभर टिकते म्हणतात, पण हात चालत नसतील तर शिडी कशी चढणार?

बाय द वे, लिफ्टची वाट बघत बसलात तर इंजिनातलं पाणी आधी काढा. मी ते २५ लाच करून टाकलं होतं, तेवढंच शहाणपण. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मुख्य धातूच्या भागात, पाणी राहिलं आणि गोठलं तर ब्लॉक तडकतो, आणि माझ्या पॉलिसीत ते धरत नाहीत. इंजिनात पाण्याऐवजी गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत सहजी न गोठणारं द्रव, घालायचं, गुलाबाच्या सरबतासारखं दिसतं ते. गाडीतलं हिरवं घालू नका, ते विषारी असतं आणि शेवटी तळ्यातच जातं.

मोठी जहाजं पार सू लॉक्स (तळ्याच्या पूर्व टोकाचे, जहाजं वरखाली करणारे पाण्याचे दरवाजे) १५ जानेवारीला बंद होईपर्यंत चालतात, पण बंदर उथळ, ते तळ्याच्या कितीतरी आधी गोठतं. सरकारसुद्धा तळ्यातले हवामानाचे बॉय, म्हणजे मोजमाप करणारे तरंगते बोये, हिवाळ्याआधी उचलून नेतं. त्यांना एलएलसी विचारत नसावेत.

६ तारखेला वारा पडला. लिफ्टवाल्या म्हाताऱ्याने पट्टे घातले, बोट वर आली, पोटाला हिरवं शेवाळ, ठिबकतेय. मी उगाच भावुक झालो. तो म्हणाला, दहा तारखेच्या आत निघाली, बरं झालं. इथे तेवढं बोललं की पुरतं. १० नोव्हेंबर १९७५ ला 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे मालवाहू जहाज ह्याच तळ्यात वादळात बुडालं, २९ माणसांसकट, आणि आदल्या दिवशी ते ह्याच सुपीरियर बंदरातून निघालं होतं. २२२ मीटर लांब जहाज. आमची २४ फूट.

बॅटरी घरी नेली, स्टँड चार, वर पांढरं श्रिंकरॅप. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "शाकारलीस का? छान. झाप कुठून आणलेस?"

काल मरिनाचा मेल आलाय, मे महिन्यात बोट पाण्यात सोडायचा फॉर्म, सोबत नवीन वर्षाचं सर्टिफिकेट जोडा. एजंटला लगेच लिहिलं. ऑटो रिप्लाय आला, हरणांच्या शिकारीला गेलोय.