बस अखेर रॅम्पवर चढली

आज सकाळी पोहे-जिलेबी खाऊन जो अंगणात उतरलो तो दिवेलागणीपर्यंत तिथेच. बाबांची जुनी टाटा मर्सिडीज बस, टेल्को (म्हणजे आताची टाटा मोटर्स) आणि जर्मनीच्या डेम्लर-बेंझचा करार झाला ना १९५४ला, त्या जमान्यातली, तिच्या पुढच्या स्प्रिंगच्या पिना बदलायच्यात आणि त्यासाठी खाली झोपावंच लागतं. गेल्या पावसाळ्यात विटांवर टेकवली होती, वीट एकदम फुटली, काका नशिबाने चहाला बाहेर आलेले. तेव्हाच ठरवलं, विटा बंद आणि नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. वीट न सांगता फुटते हो, लाकूड बहुतेक वेळा आधी करकरतं, माणसाला निघायला वेळ देतं.

म्हणून रॅम्पसाठी साल लाकडाच्या फळ्या आणल्या, १२ इंच रुंद, २ इंच जाड, ५ थर, प्रत्येक वरची फळी खालचीपेक्षा फूटभर आखूड म्हणजे चाक पायरी पायरीने चढतं, आणि टोकाला जाड आडवा ठोकळा, चाक पुढे निसटू नये म्हणून. स्क्रू इंदूरच्या सियागंज बाजारातून. साल एवढं टणक की आधी ड्रिल नाही केलं तर स्क्रूची मुंडीच तुटते, दोन गेले तसे.

संध्याकाळी दादा स्टेअरिंगवर, मी बाजूला उभा राहून हात दाखवतोय, फर्स्ट गिअरमध्ये इंच इंच. वरच्या थरावर टायर आला तेव्हा लाकूड एकदाच कर्र वाजलं आणि गप्प. माझा श्वास अडकलेला. हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, चेसिसखाली स्टँड, मगच आत शिरलो.

टॉर्च मारला तर डाव्या स्प्रिंगजवळ, काळ्या ग्रीसच्या थराखाली, बाबांच्या हातचं पांढऱ्या पेंटने लिहिलेलं ‘इथे ग्रीस’ अजून तसंच आहे.