सोडवलेली मुरड

फिनलंडमधल्या योएनसू शहराहून परतल्यापासून मन थाऱ्यावर नाही. कारण एवढेसेच आहे: मी मुरड घातलेले पीराक्का, म्हणजे इथली भट्टीत भाजायची करंजीसारखी वस्तू, मुम्मोंनी (फिनिशमध्ये मुम्मो म्हणजे आजी) हातात घेतले, काही न बोलता त्याची कड सोडवली आणि नव्याने चुण्या घातल्या. माझा चेहरा पाहून त्या “असू दे, काही नाही” म्हणाल्या, आणि तेच मला अधिक लागले.

दिवाळीत करंज्यांची वेळ आली की आई कातण बाजूला ठेवून ताट माझ्याकडे सरकवत असे. या देशात बाकी सगळे मी शिकत आले, भाषा, बर्फावरून चालणे. पण मुरड मला कुणी शिकवावी लागेल असे वाटले नव्हते. परतीच्या गाडीत डोळे भरून आले, आणि ह्यांना मी कारण सांगितले नाही.

आता वाटते, चूक माझ्या हाताची नव्हती, सवयीची होती. करंजी तेलात फुटू नये म्हणून आपण ती घट्ट मिटतो. पीराक्का उघडेच राहते: राय धान्याच्या पिठाची कागदासारखी पातळ पारी, तिच्यावर मिठाचा घट्ट दूधभात, आणि तो सांडू नये एवढीच उभी कड. या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो; मी ओढून मुरडले आणि पारी चिरली. 300 अंशांच्या भट्टीत ती टिकली नसती.

मुम्मोंचे करेलिया प्रांतातले गाव सोर्तावाला आता रशियात आहे. युद्धामुळे 1944 मध्ये घर सोडले तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. चार लाखांहून अधिक करेलियन माणसे अशी उठली आणि त्यांच्यासोबत हे पीराक्का फिनलंडभर पोहोचले. 2003 पासून युरोपीय संघात त्याच्या नावाला आणि कृतीला संरक्षण आहे, परंतु मुम्मो त्याबद्दल कधी बोलत नाहीत. त्या सोर्तावालाबद्दलही फारसे बोलत नाहीत.

तरी माझेच का सोडवले, हा प्रश्न संध्याकाळभर छळत होता. मघाशी उरलेली पीराक्का गरम करून त्यांवर अंडे-लोणी लावताना आठवले, की त्यांनी त्याआधी स्वतःची दोन मोडून पुन्हा केली होती. ते मी डोळ्यांनी पाहिले होते आणि तरी मनात घेतले नव्हते.

पुढच्या शनिवारी जवाचे सारण करायचे म्हणाल्या आहेत. दोन किलो पीठ आणून ठेवले आहे.