अल्मोड्याची थंडी आणि छिलुक

उत्तराखंडातल्या अल्मोड्याच्या पुढे, बिनसरच्या वाटेवरच्या एका गावात आम्ही मुक्कामाला होतो. जानेवारीचे दिवस, आदल्या रात्री पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडून गेलेलं. सह्याद्रीत हिवाळी मुक्कामाला कारवीच्या वाळक्या काटक्यांवर भागतं. इथे अंगणातली काटकी न् काटकी भिजून गारठली होती. अशा लाकडाला काडी लावली की सगळी आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. धूर होतो, जाळ धरत नाही.

घरातल्या आजींना सगळे आमा म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी चुलीमागून बोटाएवढे काही तुकडे काढले. हाच छिलुक. चिडाचं, म्हणजे तिथल्या पाइनचं, झाड वठलं किंवा तोडलं, की बुंध्याच्या गाभ्यात राळ साठून राहते. ते लाकूड मधाच्या रंगाचं, वजनाला जड आणि हाताला चिकट लागतं. आमांनी एक तुकडा उभा चिरला आणि कोयत्याच्या धारेने त्याची पातळ सालपटं काढली, पण टोकाशी अडकलेलीच ठेवली. टर्पेंटाइनचा उग्र वास सुटला. काडी लावताच कडेने राळ बुडबुडत बाहेर आली आणि पिवळी, काजळी सोडणारी ज्योत उभी राहिली. मी मुद्दाम एक तुकडा पाण्यात बुडवून पाहिला. वरचं पाणी झटकलं आणि तोही पेटला! राळेत पाणी मुरत नाही, आणि पेट घेते ती राळच.

पिरूल, म्हणजे चिडाच्या सुया, कोरड्या असतील तर भडकतात, पण क्षणात विझतात. छिलुक मात्र वरच्या बारीक काटक्या सुकून पेट घेईपर्यंत दम धरतो. मग बांजचे, म्हणजे तिथल्या ओकचे, ओंडके. बांज सावकाश जळतो, त्याचे निखारे सगडीत, म्हणजे शेगडीत, भरले की रात्र निघते.

काडेपेटी नव्हती तेव्हा इथले लोक डांसी नावाच्या पांढऱ्या दगडावर लोखंड घासून ठिणगी पाडत आणि ती कपासी नावाच्या वनस्पतीच्या पानामागच्या पांढऱ्या लवेवर झेलत. आमांनी हे सांगताना मूठ आवळून दगड कसा धरायचा तेही दाखवलं.

छिलुकासाठी जिवंत चिडाच्या बुंध्यावर घाव घातलेले मात्र वाटेत बरेच दिसले, आणि फार वाईट वाटलं. त्या जखमेत राळ जमते, झाड कमकुवत होतं, वणव्यात आधी तिथेच पेट घेतं. उत्तराखंडात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, आणि वाळलेल्या पिरुलावर एक ठिणगीसुद्धा पुरते. म्हणून तिकडे गेलात तर छिलुक गावातूनच मागून घ्या, बोटभर तुकडा पुरतो. आणि पेटवा तो चुलीत किंवा सगडीतच. आणखी उंचावर भोजपत्राच्या, म्हणजे बर्चच्या, रानात गेलात तर तिथली साल ओलीही पेटते, पण उभ्या झाडाची ती सोलू नका.