ऑट्युनाइटच्या गावी

फ्रान्समधल्या बुर्गुन्य प्रांतातल्या ओतंला लोक येतात ते रोमन अवशेष आणि बाराव्या शतकातलं सँ-लाझार कॅथेड्रल बघायला. कॅथेड्रलच्या दारावरचं अंतिम न्यायाचं शिल्प मीही मान दुखेपर्यंत पाहिलं. पण माझी खरी ओढ होती गावाच्या दक्षिणेला, सँ-सँफोरियाँकडच्या टेकड्यांची. ऑट्युनाइट या युरेनियमच्या फॉस्फेट खनिजाला १८५२ साली नाव मिळालं ते ओतं (Autun) वरून.

इथला खडक ग्रॅनाइटचा. त्यात मुरणारं पाणी हवेतला ऑक्सिजन सोबत नेतं, मूळ युरेनियम खनिज विरघळवतं, आणि फॉस्फेट व कॅल्शियम भेटले की भेगांमध्ये ऑट्युनाइटचे पिवळे, हिरवट चौकोनी पापुद्रे धरतात. वजनाच्या जवळपास निम्मं युरेनियमच! तरी नखाच्या जोराला दाद देईल इतकं मऊ. पापुद्र्यांच्या मधे पाणी असतं. कोरड्या हवेत ते उडून जातं आणि स्फटिक चुरू लागतो. ती धूळ श्वासातून आत जाणं वाईट, म्हणून टेकडीवर मी दगडांना हात लावला नाही.

नमुना पाहिला तो गावातल्या एका संग्राहकाकडे, काचेआड. खोलीत अंधार करून त्यांनी अतिनील दिवा लावला आणि नमुना पिवळट-हिरवा असा पेटला की मी काही क्षण बोलूच शकलो नाही. ही चमक किरणोत्साराची, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. युरेनियम-ऑक्सिजनचा आयन अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश सोडतो, एवढंच. शेजारीच टॉर्बर्नाइट होता, पाचूसारखा हिरवा. त्यात कॅल्शियमऐवजी तांबं, आणि तांबं ही चमक मारून टाकतं. दिव्याखाली तो तसाच काळोखात राहिला.

मला मात्र तोच अधिक मोलाचा वाटतो. १८९८ साली मारी क्युरींनी त्याचा किरणोत्सार मोजला, तर तो शुद्ध युरेनियमपेक्षाही जास्त भरला. मग त्यांनी शुद्ध रसायनांपासून तेच संयुग प्रयोगशाळेत बनवलं. त्याचा किरणोत्सार कितीतरी कमी! म्हणजे निसर्गातल्या दगडात आणखी काहीतरी दडलेलं होतं. त्याच वर्षी, पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजातून, आधी पोलोनियमचा आणि मग रेडियमचा शोध जाहीर झाला.

पॅरिसहून ल क्रझोपर्यंत वेगवान रेल्वे आहे, पुढे बस. संग्राहक भेटलेच तर दोन्ही दगड शेजारी ठेवून दाखवायला सांगा.