ओट्याच्या तुकड्यातलं आर्कियन : काप १ ते ६, आजवरची प्रगती

साताऱ्यात आर्कियनचा, म्हणजे पृथ्वीच्या अतिप्राचीन कालखंडातला, दगड शोधायला अजिंक्यतारा किंवा यवतेश्वर पालथं घालून उपयोग नाही. तिथं सगळा बेसॉल्ट, वय जेमतेम ६.६ कोटी वर्षं. आर्कियन संपलं २५० कोटी वर्षांपूर्वी. आपल्या पायाखाली ते आहे, पण फार खोल. कोयना परिसरात गोठण्याला २०१७ मध्ये ३ किलोमीटरचं बोअर पूर्ण झालं. त्यात वरचा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे उष्णता आणि दाबानं बदललेला पट्टेदार खडक) लागला. बोअरमधून निघालेला तो दगड आपल्या हाती येणं अवघड. त्याच्या भाऊबंदातला दगड मात्र मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानामागं फुकट पडलेला असतो: सिंकसाठी भोक पाडून उरलेला चौकोन. त्याचे काप करायचे, म्हणजे चकती काचेवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची.

ढिगातून निवडताना कडप्पा आणि शहाबादी आधी बाजूला. दोन्ही चुनखडक, पातळ ॲसिडच्या थेंबाला फसफसतात. ‘काळा ग्रॅनाइट’ नावालाच ग्रॅनाइट. तो डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसॉल्टच्या जातीचा काळा खडक निघतो. इरकलकडचा गुलाबी ग्रॅनाइट धारवाड क्रेटॉनमधला (दक्षिण भारतातला भूकवचाचा जुना, स्थिर तुकडा), आर्कियनच्या अगदी शेवटाकडचा. पण निव्वळ गुलाबी रंगावर भुलू नका. राजस्थानातल्या जालोरचाही माल गुलाबीच, आणि तो साधारण ७५ कोटी वर्षांचा. माल कुठल्या खाणीकडून आला हे दुकानदाराला विचारून तुकड्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवायचं. गाव माहीत नसलेला तुकडा कापायचा नाही, कितीही देखणा असला तरी.

काप १ ते ३ इरकलचे, ४ आणि ५ पट्टेदार नाइसचे, ६ तुलनेसाठी साताऱ्याचा बेसॉल्ट.

दुकानातल्या पाण्याच्या कटरवर २५ × ३५ मिमीची, ३ मिमी जाडीची चकती काढून घेतली. जाड चकती चिकटवून मग हातानं उतरवायची म्हटलं तर दोन दिवस जातात, आणि काचेवर चिकटवल्यावर कटरखाली धरली तर काच फुटते. पॉलिश केलेली बाजू चिकटवायची नाही. ओट्याच्या स्लॅबमध्ये भेगा बुजवायला रेझिन भरलेलं असतं, त्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा चिकट पदार्थ) नीट धरत नाही. चिकटवायची बाजू २२०, ४०० आणि ६०० नंबरच्या कार्बोरंडमवर (घासायची कठीण पावडर, नंबर मोठा तितकी बारीक) ओली घासून सपाट करायची. १० मिमी जाड काचेवर चमचाभर पावडर आणि थोडं पाणी पुरतं. स्लाइडची काचही ६०० वर घासून धुरकट करून घ्यावी.

चकती कडक उन्हात तीन तास वाळवली. काप १ मध्ये हे राहून गेलं आणि इपॉक्सीखाली पांढरे ढग उमटले. इपॉक्सीचे दोन्ही भाग वजनकाट्यावर, डब्यावरच्या प्रमाणात. अंदाजानं घेतलं तर ते चिवट राहतं आणि शेवटच्या टप्प्यात कड उचलते. थेंब मध्यभागी, चकती एका कडेनं हळूहळू टेकवत न्यायची म्हणजे हवा पुढं सरकत निघते. २४ तास हात लावायचा नाही.

पुढची सगळी कसोटी जाडीची. लक्ष्य ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मायक्रोमीटर लागत नाही, कारण ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ (गारेचं खनिज) हेच माप, जाडीनुसार त्याचा रंग बदलतो. दोन पोलरायझर फिल्म (एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) काटकोनात, एक सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर, दुसरी आयपीसवर, मध्ये काप. १०० मायक्रॉनला क्वार्ट्झ पिवळा, ७५ च्या आसपास निळा, ६० ला जांभळट लाल, ४५ ला पिवळा-नारिंगी, आणि ३० ला करडा-पांढरा. पिवळा दोनदा येतो, इथंच घोटाळा होतो: पहिला पिवळा पाहून थांबलात तर काप तिप्पट जाड राहतो. मध्ये निळा येऊन गेला का, हे पाहायचं. २२० वर १५० मायक्रॉनच्या खाली उतरू नका, त्याचे ओरखडे खोल जातात. तिथून ४०० वर ८०, ६०० वर ४०, आणि उरलेलं १००० वर. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नाही, म्हणून काप ६ मध्ये त्याच स्लाइडवर शेजारी इरकलची बारीक चकती चिकटवली आणि दोन्ही एकत्र उतरवल्या.

काप २ पाचरीसारखा झाला: एका कडेला निळा, दुसऱ्या कडेला क्वार्ट्झ गायब. बोटाचा दाब एकाच बाजूला पडत होता. इंग्रजी आठच्या आकारात (मराठी ८ इथं कामाचा नाही) पंचवीस फेऱ्या, मग स्लाइड काटकोनात फिरवायची, जाड बाजूवर अंगठा. चारी कडा आधी उडत असतील तर घासायची काच मध्ये खोलगट झालीय, उलटी करा.

काप ३ उत्तम उतरला. मायक्रोक्लाइन या फेल्डस्पार खनिजामध्ये आडव्या-उभ्या रेघांची चौकडी दिसते, इरकलच्या दगडात इरकली लुगड्याचा चौकडा. प्लॅजिओक्लेज या दुसऱ्या फेल्डस्पारमध्ये नुसत्या समांतर पट्ट्या. क्वार्ट्झ फिरवताना एकदम काळा न होता सावली सरकल्यासारखा काळा होतो. दगडानं दाब सोसल्याची ती खूण.

तपकिरी बायोटाइटमध्ये (गडद अभ्रकात) एक ठिपका, त्याभोवती काळपट वलय. हा झिरकॉन नावाच्या खनिजाचा कण. त्याच्यातल्या युरेनियमच्या किरणोत्सारानं भोवतीचा अभ्रक करपलाय. २५० कोटी वर्षांत युरेनियम-२३८ चा सुमारे तिसरा हिस्सा शिशात बदलतो. वय काढतात ते यावरून, पण त्याला मास स्पेक्ट्रोमीटर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतो, घरी फक्त वलय दिसतं.

काप ४ मध्ये असे ‘झिरकॉन’ डझनभर दिसले. ते कार्बोरंडमचे कण निघाले. तेही चमकदार आणि ठळक कडांचे, म्हणून फसवतात. ओळख अशी: कण टोकदार, भेगेत अडकलेला, भोवती वलय नाही. प्रत्येक नंबरसाठी वेगळी बादली, मध्ये टूथब्रशनं स्लाइडच्या कडा घासायच्या. ब्रशनं घासल्यावर दोनच ठिपके उरले, दोन्ही वलयवाले.

घासणं कायम ओलंच. क्वार्ट्झची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. बादलीतला गाळ मोरीत ओतू नका, तो पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. पाणी निवळून गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायचा.

काप ५ सध्या ८० मायक्रॉनवर, ६०० ची पाळी. अभ्रकाचे पट्टे सुटायला लागलेत म्हणून वरून पातळ इपॉक्सी पाजून वाळत ठेवलाय.